अर्तेमियोविषयी चार पानं

मंगळवार, १२ सप्टेंबर २०२३. सकाळभर धुकं, दुपारी ऊन. डॉक्टरांकडे जाऊन आले. हृदयाची झडप आणखी आवळली आहे म्हणतात. या वयात ऑपरेशन नको, जपून राहा. चोलिंगने सुकी मासळी आणून दिली. या महिन्याची तारीख लागली. आपली रांग जागची हलली नाही.

साल्वासिओन आग्बायानीने एवढं लिहून वही मिटली आणि खिडकीशी बसली. अमेरिकेतल्या वलेहो गावात मनिलाकडून आलेली इलोकानो माणसं चर्चमधली मिस्सा संपवून बाहेर पडली की एकमेकांना दोनच गोष्टी विचारतात: गुडघे कसे आहेत आणि तारीख कुठवर आली. सरकार दर महिन्याला एक तारीख लावतं. त्या तारखेच्या आधी ज्याचा अर्ज पडला असेल, त्याच्या माणसाला अमेरिकेत यायचं बोलावणं जातं. नागरिकाच्या लग्न झालेल्या लेकीची रांग सगळ्यांत लांब. बिनलग्नाच्या लेकीची त्या मानाने कितीतरी आखूड. साल्वासिओनची दिग्ना लांब रांगेत उभी होती, आणि उभी राहून तिच्या केसांत पांढरं आलं होतं.

वाईट याचं वाटे की दिग्ना एकदा इथे आलेली होती. वडिलांनी बोलावून घेतलेली, कायमच्या रहिवासाचं कार्ड हातात असलेली, वृद्धाश्रमात कामाला लागलेली. मग तिचे वडील लिओपोल्दो वारले. उभा जन्म नौदलाच्या जहाजांवर आचारी म्हणून काढलेला माणूस. माती मात्र त्याला आपल्या गावची, नार्वाकानचीच हवी होती. मायलेकी शव घेऊन गेल्या. साल्वासिओनची कामावरची रजा संपली, ती परत आली. दिग्ना निघणार, तर लिओपोल्दोच्या थोरल्या बहिणीने, मानांग बासिलियाने, तिची बॅग अडवली.

"बायको गेली ती गेली. आता लेकही काळं उतरवून विमानात बसणार? माझ्या भावाचं वर्ष कोण पाळणार, डुकरं?"

वर्षभर काळे कपडे घालायचे, नाचगाण्यात जायचं नाही, आणि वर्षाच्या दिवशी वाक्सी करून काळं उतरवायचं, ही तिकडची रीत. फोनवर विचारलं तेव्हा साल्वासिओन म्हणाली, "थांब मग. एवढी वाक्सी करूनच ये." दिग्ना थांबली. वर्षाच्या दिवशी डुक्कर कापलं, गाव जेवलं, तिने फुलाफुलांचा झगा घातला आणि विमान धरलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर साल्वासिओन तिच्यासाठी कोट घेऊन उभी होती. आत अधिकारी दिग्नाला सांगत होता, बाई, तुम्ही वर्षाहून जास्त बाहेर राहिलात आणि जाताना परवानगी घेतली नाहीत. ती म्हणाली, बापाचं सुतक होतं. त्याने मान हलवली. माणूस वाईट नव्हता, पाणीही दिलं. मग म्हणाला, एकतर न्यायाधीशापुढे जा, नाहीतर इथे सही करा. दिग्नाने सही केली. त्या सहीने कार्ड सोडून दिलं, हे तिला परतीच्या विमानात शेजारच्या बाईने समजावून सांगितलं. साल्वासिओन कोट घेऊन घरी आली.

पुढल्या वर्षी दिग्नाने गावातल्या पाववाल्याशी, अर्तेमियोशी, लग्न केलं. त्यानंतर साल्वासिओन अमेरिकेची नागरिक झाली आणि तिने लेकीसाठी अर्ज टाकला. लग्न झालेली लेक. लांब रांग.

"आता सेवेरोचंच बघ," चोलिंग त्या दिवशी मासळी भाजता भाजता म्हणाली होती. चोलिंग म्हणजे साल्वासिओनच्या धाकट्या मुलाची धर्ममाता. मुलगा लहानपणीच गेला, पण दोघींचं एकमेकींना त्या नात्याने मारे म्हणणं राहिलं. "थोडंच राहिलं होतं पोराची तारीख लागायला, आणि हा गेला. अर्ज करणारा मेला की अर्जही मेला. सरळ त्याच्या पेटीत."

"मला माहीत आहे, मारे."

"माहीत आहे तर मरू नकोस."

"किती वर्षं?"

"ते मला काय विचारतेस? जावयाला विचार, तो कधी मरतो. दिग्ना विधवा झाली की आखूड रांगेत. त्या रांगेत तिची तारीख केव्हाच येऊन गेलीय."

"तोंड आवर. परवा मिस्सेत त्याच तोंडात कम्युनियनची भाकर घेतलीस."

"मी कुठे म्हटलं मार त्याला?" चोलिंगने मासळी उलटली. "लग्न रद्द करून घ्या म्हणते मी. कोर्टात. लग्न झालंच नव्हतं असं न्यायाधीशाने म्हटलं की झालं. माझ्या भाचीने तेच केलं. आज बेकर्सफील्डला आहे, गाडी चालवते."

तिकडे घटस्फोट नाही. नवरा वाईट निघाला तरी नाही, चांगला निघाला तरी नाही. एकच दार आहे: दोघांपैकी एक जण मनाने संसाराला मुळातच नालायक होता, लग्नाच्या दिवशीही होता, असं कोर्टात सिद्ध करायचं. साल्वासिओनने ते ऐकलं आणि ताट पुढे ओढलं. मासळीचा एकेक काटा ती वेगळा काढत बसली. अर्तेमियो नालायक?

पहाटे उठून गावाला पाव पुरवणारा अर्तेमियो. रविवारी फादरांच्या हाताखाली कम्युनियन वाटणारा, आणि मिस्सा झाली की सायकल काढून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जाणारा. मानांग बासिलियाला शेवटच्या आजारात पाठ धुऊन देणारा, तिच्याच शिव्या खात. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता, हे साल्वासिओन स्वतःच चारचौघांत सांगत आली होती.

तरी रविवारी फोनवर तिनेच विषय काढला. पडद्यावर दिग्ना आणि अर्तेमियो खांद्याला खांदा लावून बसले होते. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती. एक जहाजावर, एक मनिलात. घरात ही दोघंच.

अर्तेमियो ऐकून खो खो हसला. "म्हणजे मला वेडा ठरवायचं?"

"वेडा नव्हे रे. संसाराला असमर्थ."

"ते तर ही रोज ठरवते, नानांग. त्याला कोर्ट कशाला हवं?" सासूला तो दिग्नासारखंच नानांग, म्हणजे आई, म्हणे. त्याने दिग्नाला कोपराने ढोसलं. मग जरा गंभीर झाला. "तुमची तब्येत बरी नाही, कळलं मला. दिग्ना जवळ असायला हवी. ती तिकडे गेली, स्थिरावली, की परत येऊन माझ्याशी दुसऱ्यांदा लग्न करेल आणि मला बोलावेल. होय की नाही गं? या वेळी मात्र नवरीकडच्यांनी जेवण द्यायचं."

"दिग्ना, तुला काय वाटतं?" साल्वासिओनने विचारलं.

दिग्नाने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघांनी ठरवलंय ना," ती म्हणाली.

तिकडच्या वकिलाचं, अटर्नी फ्लोरेंदोचं, म्हणणं असं पडलं की घरच्या वडीलधाऱ्या माणसाची साक्ष सगळ्यांत वजनदार. सासूने लिहून द्यावं, जावई पहिल्यापासून कसा होता ते. "फार नको," तो फोनवर म्हणाला. "पिणारा होता, बेजबाबदार होता, एवढं चार ओळींत लिहा. बाकी मी सांभाळतो."

"तो पीत नाही," साल्वासिओन म्हणाली.

"मॅडम, कोर्टाला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे ना. मी खोटं लिहिणार नाही."

तिला नन्सच्या शाळेत माद्रे एंग्रासियाने शिकवलेलं होतं. आठवी आज्ञा: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. माद्रे रोज संध्याकाळी मुलींकडून दिवसभराची हकीकत लिहून घेत. एक शब्द वाढवला तरी वहीवर लाल रेघ. तेव्हापासून साल्वासिओनचा लिहायचा एक दिवस चुकला नव्हता. ती खोटं लिहिणार नव्हती. जेवणाच्या टेबलावर तिने ताव मांडले, जुन्या वह्या काढल्या आणि खरं तेवढंच लिहायला बसली.

लग्नाच्या मिस्सेत शपथ घेताना नवरदेव हसला. खरं होतं, घाबरला की त्याला हसू फुटतं. तिने लिहिलं, हसला. लग्नाच्या रात्री तो नवरीला सोडून भट्टीवर जाऊन झोपला. खरं होतं, दुसऱ्या दिवशी गावात मयताचं जेवण होतं आणि पीठ आंबायला घातलेलं होतं. पिठाचं लिहायची गरज तिला वाटली नाही. पहिल्या मुलाच्या जन्माच्या वेळी तो घरी नव्हता. वादळ झालं होतं आणि तो शाळेत आसरा घेतलेल्या लोकांना पाव पोचवायला छातीभर पाण्यातून गेला होता. घरी नव्हता, हे खरं. कणीक मळताना तो कणकेशी बोलतो. हेही खरं, आणि बायकोशी बोलतो त्यापेक्षा जास्त बोलतो, असं दिग्ना एकदा थट्टेत म्हणाली होती. साल्वासिओनने तेही लिहिलं. थट्टा लिहिली नाही.

चौथ्या पानावर तिचा हात जरा थांबला. मग तिने लिहिलं की हा माणूस घरसंसार सोडून मेलेल्या सासऱ्याच्या थडग्यापाशी तासन्‌तास बसतो, तिथे जेवतो, थडग्याशी गप्पा मारतो.

तिनेच त्याला सांगितलं होतं, मी इतक्या लांब आहे, माझ्या माणसाला एकटं पडू देऊ नकोस. तो दर आठवड्याला जाऊन गवत उपटायचा, चुना द्यायचा, आणि आपला डबा तिथेच उघडायचा.

सही करून तिने चारही पानं पुन्हा वाचली. एक शब्द खोटा नव्हता. माद्रेने कुठेही लाल रेघ मारली नसती. अक्षर तर या वयातही मोत्यासारखं आलं होतं. पुढे तिकडच्या देशाच्या वकिलातीत जाऊन तिने ती शपथेवर दिली, आणि न्यायाधीशाने पडद्यावरून विचारलं, हे सगळं खरं का, तेव्हा तिचा आवाज कापला नाही.

निकाल यायला वर्ष गेलं. अटर्नी फ्लोरेंदो खूश झाला. "मॅडम, इतकी चोख साक्ष मी पाहिली नाही. न्यायाधीशांनी निकालात तुमचे परिच्छेदच्या परिच्छेद उतरवलेत. मानसोपचारतज्ज्ञापेक्षा तुम्ही भारी पडलात." साल्वासिओनला, खोटं कशाला सांगायचं, ऐकून बरं वाटलं. तिने त्या दिवशी चोलिंगला पान्सितच्या शेवया करून खाऊ घातल्या.

अर्तेमियो दूतावासाला शंका नको म्हणून भट्टीच्या माडीवर राहायला गेला. थोड्या महिन्यांचा प्रश्न होता. पण नार्वाकान लहान गाव. कोर्टातल्या कारकुनाची बायको चर्चच्या गायनमंडळात. निकाल आधी गायनमंडळात फिरला, मग बाजारात. वेडा म्हणावं तर वेडा नाही, पण लोकांना आता आठवायला लागलं: हो की, तो पिठाशी बोलतो. स्मशानात जेवतो म्हणे. सासूने शपथेवर सांगितलंय, आणि ती बाई नन्सकडे शिकलेली, ती कशाला खोटं बोलेल? नव्या तरुण फादरांनी त्याला बोलावून घेतलं आणि फार मऊपणाने सांगितलं, थोडे दिवस कम्युनियन वाटायचं थांबा. आजाऱ्यांकडेही दुसरा माणूस जाईल. थोडे दिवस.

दिग्ना २०२५ च्या वसंतात आली. तोच विमानतळ, चोलिंगची गाडी, साल्वासिओन आता चाकाच्या खुर्चीत. दिग्नाने खाली वाकून आईचा हात कपाळाला लावला. घट्ट मिठी मारील असं साल्वासिओनला वाटलं होतं. पण मागे गर्दी होती, सामानही होतं.

घरात तिने सगळं केलं. औषधं डब्यात लावली, आईचे पाय चोळले, पिनाकबेतची भाजी रांधली. बोलणं मात्र कामापुरतं. दुपारी तिकडची पहाट व्हायची, भट्टी पेटायची वेळ, तेव्हा ती फोन घेऊन मागच्या अंगणात जायची. आधी बराच वेळ. मग कमी. मग फोन वाजत राहायचा आणि ती तो कानाला लावून तशीच उभी.

शरद ऋतूत एकदा ती आत आली आणि म्हणाली, "तो लग्न करत नाही म्हणतोय."

"कोणाशी?"

"माझ्याशी, नानांग. आणखी कोणाशी? डिसेंबरात जाऊन लग्न करून येऊ म्हटलं. नको म्हणाला."

"दे फोन. मी बोलते. माझं ऐकेल तो."

अर्तेमियोने फोन उचलला. मागे ताटं आपटल्याचा आवाज येत होता.

"गुड मॉर्निंग, मिसेस आग्बायानी."

साल्वासिओनला वाटलं थट्टा आहे. "हे काय रे नवीन? नानांग म्हण."

"आता मी कोण तुमचा? कोर्टाने लग्नच झालं नव्हतं म्हटलंय. मग तुम्ही माझ्या सासू नव्हतात आणि मी तुमचा जावई नव्हतो."

"अरे, ते कागदावरचं. तूच तर हसत हो म्हणालास."

"हो म्हणालो. मला वाटलं, पिणारा लिहाल, जुगारी लिहाल. गावाला माहीत आहे मी पीत नाही. लोक हसले असते, मीही हसलो असतो. उघड खोटं असतं तर बाधलं नसतं." तो थांबला. "तुम्ही एक ओळ खोटी लिहिली नाहीत. सगळं मीच आहे त्यात. मी कोर्टात बसून ऐकलं आणि मला कुठे बोट ठेवता येईना."

"अर्तेमियो, मला माझी लेक हवी होती. मी मरायला टेकलेय."

"मिळाली ना. देव तुम्हाला आयुष्य देवो, मिसेस आग्बायानी. पाव काढायची वेळ झाली."

दिग्ना ओट्याला टेकून उभी होती. तिने फोन परत घेतला, पदराला पुसावा तसा झग्याला पुसला.

"मी त्या साक्षीची प्रत कोर्टाच्या व्हरांड्यात वाचली होती," ती म्हणाली. "वाचता वाचता मलाच वाटायला लागलं, असल्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली कशी? घरी आले तर तो भात वाढून बसला होता. त्याच्याकडे नीट बघवेना मला. थोडा वेळच. पण त्याला कळलं."

"मी तुला विचारलं होतं दिग्ना. तुला काय वाटतं म्हणून."

"त्याच्यासमोर विचारलंस. तो हसत होता. मी काय बोलणार होते, नको म्हणू? आई मरू दे म्हणू?"

"म्हणजे तुला यायचं नव्हतं?"

"वडलांच्या वेळी थांब म्हणालीस, थांबले. आता ये म्हणालीस, आले."

साल्वासिओनच्या तोंडात उत्तर होतं. तिने एक शब्द खोटा लिहिला नव्हता. पण ते मोठ्याने म्हणायला तिला, सगळ्या जन्मात पहिल्यांदा, लाज वाटली. 

काही आठवड्यांनी दिग्नाने फेअरफील्डच्या एका वृद्धाश्रमात काम धरलं. राहायचं तिथेच, आठवड्यातून एक सुट्टी. चोलिंग न्यायला गाडी घेऊन आली. "जवळच आहे गं फेअरफील्ड," एवढंच ती म्हणाली.

"नार्वाकानपेक्षा जवळ," साल्वासिओन म्हणाली.

दिग्नाने वाकून आईचा हात कपाळाला लावला, पुढल्या बुधवारी येते म्हणाली, आणि औषधांच्या डब्याची झाकणं पुन्हा एकदा दाबून पाहिली.

संध्याकाळी साल्वासिओनने वही उघडली. तारीख घातली, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५. दिग्ना गेली, हे लिहिलं. का गेली ते लिहायला पेन टेकवलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण जे लिहू ते पुन्हा सगळं खरंच असणार. तेवढी जागा तिने कोरी सोडली. मग खाली लिहिलं: तांदळात टोके झाले होते. चाळून, कागद पसरून ओट्यावर ठेवला.